ओडुडुवा खरंच होऊन गेला का? लागोसहून आलेल्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नोकरीनिमित्त लागोसला आहात. तिथल्या मराठी मंडळींच्या दिवाळी अंकासाठी योरुबा राजघराण्यांचा मूळपुरुष ओडुडुवा याच्यावर लेख लिहायला घेतलाय आणि ऑफिसातल्या तिघांनी तीन तऱ्हा सांगितल्या. एक म्हणाला, तो आकाशातून साखळीवरून खाली उतरला. दुसरा, मुसलमान योरुबा, म्हणाला की तो मक्केच्या राजाचा मुलगा. तिसरा बेनिन सिटीचा एडो. त्याच्या मते ओडुडुवा हा त्यांच्याच राजाचा हद्दपार केलेला राजपुत्र. यातलं खरं कुठलं, असा माणूस मुळात होता का आणि लेखाबरोबर चित्र कुठलं छापावं, असं तुम्ही विचारलंय.

आधी सरळ उत्तर देऊन टाकतो. ओडुडुवा नावाची एक व्यक्ती अमुक साली अमुक ठिकाणी होती, हे सिद्ध करता येत नाही. पण ज्या नगरात त्याचं राज्य होतं असं सांगतात, ते नगर, तिथली राजसत्ता, तिची श्रीमंती आणि तिचा दूरवरचा दरारा हे सगळं जमिनीतून निघालेल्या पुराव्याने पक्कं आहे. लेख या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत लिहायचा आहे.

मी आफ्रिकेचा इतिहास बरीच वर्षं शिकवला. माझं स्वतःचं काम वंशकथांवरचं, आपल्याकडच्या घराण्यांच्याही आणि पश्चिम आफ्रिकेतल्याही. या कामात एक शिस्त पाळावी लागते. गोष्ट खरी की खोटी हे लगेच विचारायचं नाही. ती कोण सांगतोय, कुणाला ऐकवायला सांगतोय आणि ती मान्य झाली तर त्याच्या पदरात काय पडतं, हे आधी पाहायचं. तुमच्या तिघा सहकाऱ्यांनी 'ओडुडुवा कोण होता' याचं उत्तर दिलेलंच नाही. त्यांनी उत्तर दिलंय ते 'कुणाची गादी थोरली' या प्रश्नाचं. हे एकदा लक्षात आलं की निम्मा गुंता सुटतो.

वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी लागेल. नैऋत्य नायजेरिया आणि शेजारचं बेनिन प्रजासत्ताक, एवढ्या पट्ट्यात चार कोटींहून अधिक योरुबा राहतात. (बेनिन सिटी मात्र नायजेरियात आहे आणि ती एडो लोकांची राजधानी. बेनिन प्रजासत्ताक हा वेगळा देश. ही गल्लत दिवाळी अंकात हमखास होईल, तेव्हा पहिल्याच परिच्छेदात खुलासा करून टाका.) सगळ्या योरुबांवर एकछत्री राज्य करणारा सम्राट कधी नव्हता. होती ती नगरराज्यं, आणि प्रत्येकाचा आपापला राजा, म्हणजे ओबा. यातले मानाचे ओबा आपला वंश ओडुडुवाशी नेऊन जोडतात आणि ओडुडुवाची गादी असते इले-इफे, थोडक्यात इफे, या नगरात. तिथल्या राजाला ऑनी म्हणतात. २०१५ पासून अडेयेये ओगुनवुसी हे ऑनी आहेत.

आता पहिली गोष्ट, आकाशातली. ही इफेची. खाली सगळीकडे नुसतं पाणी होतं. सर्वश्रेष्ठ देव ओलोडुमारे याने ओबाटाला या देवाला पृथ्वी घडवायला पाठवलं. बरोबर दिली गोगलगायीच्या शंखात भरलेली माती आणि पाच बोटांची कोंबडी. वाटेत ओबाटाला ताडी प्यायला आणि झोपला. ओडुडुवाने ते सामान उचललं, साखळीवरून खाली उतरला, पाण्यावर माती टाकली आणि कोंबडीने ती उकरून चारी दिशांना पसरली. ती जागा म्हणजे इफे. ओबाटालाला जाग आली तेव्हा काम उरकलेलं. त्याच्याकडे मग माणसांचे देह घडवण्याचं काम आलं. कुबड असलेली, पांगळी, पांढऱ्या कातडीने जन्मलेली माणसं ओबाटालाच्या खास संरक्षणाखाली असतात, कारण ती त्याने ताडीच्या धुंदीत घडवली असं मानतात. त्याचे उपासक आजही पांढरी वस्त्रं नेसतात आणि ताडीला शिवत नाहीत.

ही गोष्ट मान्य केली की इफे ही जगाची पहिली जमीन ठरते आणि ऑनीच्या वर कुणी उरत नाही. इथवर सोपं आहे. पण नीट ऐकलंत तर या गोष्टीत एक अवघड जागा आहे. नेमणूक ओबाटालाची होती. ओडुडुवाने काम केलं ते दुसऱ्याचं सामान उचलून. आपल्या मूळपुरुषाची थोरवी गाणाऱ्याने हा तपशील गाळला असता तर चाललं असतं, तरी तो गाळलेला नाही. याच्याकडे पुढे परत येतो, कारण माझ्या मते या सगळ्या सामग्रीत इतिहासाच्या सर्वात जवळ जाणारी जागा हीच आहे.

तुमच्या तिघांत ओयोचा कुणी नव्हता, म्हणून चौथी गोष्ट मीच सांगतो. ओयो हे योरुबांमधलं सर्वात बलाढ्य साम्राज्य. सतराव्या-अठराव्या शतकांत त्याचं घोडदळ थेट दाहोमेपर्यंत, म्हणजे आजच्या बेनिन प्रजासत्ताकातल्या जुन्या राज्यापर्यंत, धडक मारत असे. तिथल्या राजाला आलाफिन म्हणतात. ओयोची परंपरा सॅम्युअल जॉन्सन या योरुबा पाद्र्याने लिहून ठेवली. त्याच्या हस्तलिखिताची कथाही ऐकण्यासारखी आहे. १८९७ मध्ये ते पूर्ण झालं, इंग्लंडला प्रकाशकाकडे गेलं आणि तिकडेच गहाळ झालं. १९०१ मध्ये जॉन्सन वारला. त्याच्या भावाने, डॉक्टर ओबादिया जॉन्सनने, टिपणांवरून ते पुन्हा उभं केलं आणि १९२१ मध्ये ते एकदाचं छापून आलं. आज योरुबा माणूस 'आमचा इतिहास' म्हणून जे सांगतो त्यातलं बरंचसं फिरून फिरून याच पुस्तकातून आलेलं असतं. मौखिक परंपरा समजून तुम्ही जे टिपून घेता, ते सांगणाऱ्याच्या आजोबाने शाळेत वाचलेलं निघू शकतं.

जॉन्सनच्या पुस्तकात ओडुडुवाच्या पश्चात झालेल्या वाटणीचं वर्णन आहे. बेनिनच्या राजाला पैसा मिळाला, म्हणजे कवड्या. इलाच्या ओरांगुनला बायका. साबेच्या राजाला गुरंढोरं. पोपोच्या राजाला मणी. ओवूच्या राजाला कपडे. केटूच्या राजाला मुकुट. सर्वात धाकटा ओरानमियान तेव्हा घरी नव्हता. तो परतला तेव्हा वाटायला काहीच उरलं नव्हतं, उरली होती ती फक्त जमीन. ती त्याने घेतली. मग बाकीच्या भावांच्या ध्यानात आलं की गुरं चरणार, बायका राहणार, बाजार भरणार ते सगळं ओरानमियानच्याच जमिनीवर. त्यांना त्याला खंड देणं भाग पडलं.

ओरानमियान हा ओयोचा संस्थापक. त्यामुळे ही गोष्ट म्हणजे ओयोच्या खंडणीचा सातबारा आहे. शेजारच्या राजांकडून वसुली करणाऱ्या साम्राज्याला याहून सोयीची भाऊबंदकी सापडली नसती. शिवाय ओयोच्या परंपरेत आणखी एक पाचर मारून ठेवलेली आहे. ओरानमियान इफेहून निघाला तेव्हा देवस्थानाची राखण त्याने एका सेवकाकडे सोपवली. तो बळी देण्यासाठी ठरलेल्या एका बाईचा मुलगा होता, आणि पुढचे ऑनी त्याचे वंशज, असं ही परंपरा सांगते. म्हणजे ऑनी हे राजे नव्हेतच, गाभाऱ्याचे राखणदार! इफेत हे ऐकवून बघा, उठून जायला सांगतील. इफेचा दावा नेमका उलटा आहे: थोरली गादी आमची, ओयो ही आमच्या राजपुत्राने बाहेर जाऊन थाटलेली शाखा. ऑनी आणि आलाफिन यांच्यातला श्रेष्ठत्वाचा वाद विसाव्या शतकभर चालला. १९९१ मध्ये नायजेरियाच्या ओयो या घटकराज्यातून ओसुन हे वेगळं घटकराज्य निघालं आणि दोघे दोन राज्यांत गेले, तेव्हा त्याची धार थोडी बोथट झाली.

मुलांच्या यादीतही हेच दिसतं. जॉन्सन सात राजपुत्र-राजकन्या सांगतो, इतर ठिकाणी सोळा सांगतात आणि तुम्ही ज्या गावात विचाराल त्या गावचा संस्थापक यादीत असतोच. इलेशाची गोष्ट मला विशेष आवडते. ओडुडुवाला म्हातारपणी अंधत्व आलं. समुद्राचं पाणी हाच उपाय होता आणि ते आणायला जायची कुणाची तयारी नव्हती. एक मुलगा गेला. तो पाणी घेऊन परतला, बापाची दृष्टी आली, पण तोवर भाऊ वाटणी करून चालते झाले होते. त्याच्या वाट्याला तलवार आली आणि झालर नसलेला मुकुट. इलेशाचा राजा 'ओबोकुन' ही पदवी त्या पाणी आणणाऱ्याचीच म्हणून मिरवतो. मुकुटात उणीव आहे हे कबूल, पण ती का आहे ते ऐका, मग ठरवा आमची पायरी कुठली, असं ही गोष्ट म्हणते.

ही झालर म्हणजे काय, ते समजून घ्या, कारण सगळं राजकारण तिच्याभोवती फिरतं. मानाचा योरुबा मुकुट उंच शंकूसारखा असतो, बाहेरून पूर्ण मण्यांनी मढवलेला. त्यावर मण्यांनीच उठवलेले चेहरे, बऱ्याचदा शेंड्याला पक्षी, आणि पुढून सोडलेल्या मण्यांच्या सरी, ज्यांच्याआड राजाचा चेहरा झाकला जातो. असा मुकुट घालायचा हक्क इफेकडून यावा लागतो. हे नुसतं बोलायचं नव्हतं. १९०३ मध्ये रेमो भागातल्या एका लहान गावच्या राजाने, एलेपेने, मण्यांचा मुकुट चढवला आणि शेजारच्या वरिष्ठ राजाने तक्रार केली. लागोसचा ब्रिटिश गव्हर्नर मॅकग्रेगर याला निवाडा करता येईना. त्याने इफेहून खुद्द ऑनी ओलुबुसे यांना बोलावून घेतलं. ऑनीने इफेची वेस ओलांडणं ही तोवर न घडलेली गोष्ट होती. ते परत जाईपर्यंत इतर ओबा आपापल्या गादीवर बसले नाहीत, असं सांगतात. ऑनींनी निकाल दिला: एलेपेला हा मुकुट घालण्याचा हक्क नाही. ओडुडुवाची कथा विसाव्या शतकात कोर्टाच्या पुराव्यासारखी कामाला येत होती, याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. तुमच्या लेखाची सुरुवात मी इथून केली असती.

आता मक्का. हीही जॉन्सननेच लिहून ठेवलेली. मक्केचा राजा लामुरुडू, त्याचा युवराज ओडुडुवा. युवराज मूर्तिपूजेकडे वळला आणि मशिदीत मूर्ती बसवल्या. मूर्ती घडवणाऱ्या पुजाऱ्याचा मुलगा ब्राइमा मात्र मनातून मुसलमान. एके दिवशी गावात कुणी नाही असं बघून त्याने कुऱ्हाडीने मूर्ती फोडल्या आणि कुऱ्हाड सर्वात मोठ्या मूर्तीच्या गळ्यात अडकवून ठेवली. लोक जाब विचारायला आले तेव्हा म्हणाला, त्या मोठ्यालाच विचारा की. त्याला जाळायची शिक्षा झाली, यादवी पेटली आणि ओडुडुवा आपल्या माणसांसह निघून इफेला पोचला.

तुमच्या मुसलमान सहकाऱ्याला ही कुऱ्हाडीची गोष्ट सांगा, तो लगेच ओळखेल. ही कुराणातली इब्राहिमची कथा आहे, मूर्ती फोडण्यापासून आगीपर्यंत. लामुरुडू म्हणजे त्या कथेभोवतीच्या परंपरेतला निमरूद राजा. मक्केच्या इतिहासात असा कुणी राजा नाही आणि हे जॉन्सनलाही कळत होतं. त्याने मक्का बाजूला ठेवून वरच्या इजिप्तकडे बोट दाखवलं. त्याच्याआधी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, उत्तर नायजेरियातल्या सोकोटोचा सुलतान मुहम्मद बेल्लो याने योरुबांचं मूळ निमरूदशी जोडून लिहिलं होतं. उत्तरेकडच्या हौसा लोकांतही बगदादहून आलेल्या बायाजिद्दाची मूळकथा आहेच. इस्लामच्या विद्येला मान होता, त्या वर्तुळात प्रतिष्ठा हवी तर आपला वंश पूर्वेला भिडवावा लागे. आपल्याकडे हेमाद्रीने देवगिरीच्या यादवांचं मूळ मथुरा-द्वारकेला नेलं. इतिहासात मात्र ते घराणं दिसू लागतं नाशिक-सिन्नरच्या मुलखात, राष्ट्रकूटांचे मांडलिक म्हणून. तिथे जी गरज होती तीच इथेही होती.

मक्का-इजिप्तची आवृत्ती मी पूर्णपणे बाजूला ठेवतो, आणि त्याला भाषेचं कारण पुरेसं आहे. योरुबा भाषेचे जवळचे नातलग इगाला, इत्सेकिरी आणि जरा लांबचे एडो, इग्बो. सगळे नायजर नदीच्या खालच्या टापूत. ही भाषा तिथेच वाढली आणि तिथेच फांद्या फुटून पसरली, तीही हजारो वर्षांच्या काळात. अरबस्तानातून आलेल्या लोकांची भाषा अशी दिसत नाही. मूठभर माणसांचं एखादं घराणं बाहेरून आलं असेल का? येऊ शकतं. पण त्यासाठी मक्केपर्यंत जायची गरज नाही. इफेतच एक परंपरा आहे की ओडुडुवा आला तो ओके ओरा या टेकडीवरून, आणि ती टेकडी इफेच्या पूर्वेला, हाकेच्या अंतरावर आहे. पूर्वेकडून आला खरा, फक्त पूर्व किती लांबची यावर मतभेद आहेत!

बेनिनच्या गोष्टीला मात्र एवढ्या सहज निकालात काढू नका. बेनिनमध्ये आधी ओगिसो नावाचं राजघराणं होतं. शेवटच्या ओगिसोचा मुलगा एकालादेरहान याला हद्दपार केलं गेलं. पुढे गादी रिकामी पडली आणि इफेहून ओरानमियान आला. त्याला तिथल्या बाईपासून झालेला मुलगा एवेका हा नव्या घराण्याचा पहिला ओबा. इथवर इफे आणि बेनिन यांच्यात फारसं दुमत नव्हतं. १९३० च्या दशकात बेनिनचा स्थानिक इतिहासकार जेकब एघारेव्हबा यानेही ओरानमियान इफेहून आला असंच लिहिलं. वाद पेटला २००४ मध्ये. बेनिनचे तेव्हाचे ओबा एरेदियाउवा यांच्या आत्मचरित्रात आलं की इफेचा ओडुडुवा म्हणजे दुसरा कुणी नसून हद्दपार झालेला एकालादेरहानच. म्हणजे इफेहून राजा आला हे कबूल, पण तो आमचाच नातू परत आला. एका वाक्यात थोरला-धाकटा उलटापालटा झाला. इफेने अर्थातच हे फेटाळलं.

या दाव्यावर माझं मत असं की तो आजच्या रूपात उशिराचा आहे. वसाहतकाळानंतर एडो लोकांना 'योरुबांची शाखा' म्हणवून घ्यायचं नव्हतं, त्या ओढाताणीत त्याला धार चढली. पण बेनिन आणि इफे यांचं नातं मात्र जुनं आहे. पोर्तुगीज १४८० च्या दशकात बेनिनला पोचले, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की नवा राजा गादीवर बसला की तो दूरच्या 'ओगाने' नावाच्या थोर राजाकडे वकील धाडतो. तिकडून पितळेचा दंड, शिरस्त्राण आणि क्रूस येतो, आणि तो आल्याखेरीज प्रजा राजाला खरा राजा मानत नाही. वकिलांना ओगानेचं दर्शन होत नाही. तो रेशमी पडद्याआड असतो आणि निघताना फक्त पाऊल दिसतं. हे बारोस या पोर्तुगीज इतिहासकाराच्या १५५२ च्या ग्रंथात आहे. अनेक अभ्यासक ओगाने म्हणजे ऑनीच मानतात. अडचण एवढीच की पोर्तुगीज त्याला बेनिनच्या पूर्वेला, खूप दूर ठेवतात, आणि इफे आहे वायव्येला. मी स्वतः ऑनीच्याच बाजूने झुकतो, कारण चेहरा झाकलेला राजा आणि मानचिन्हं पाठवून राज्याभिषेक पक्का करणं, हे दोन्ही इफेशी तंतोतंत जुळतं.

इथवरचं जरा गोळा करतो: आकाशाची गोष्ट इफेचा अग्रमान सांगते, वाटणीची गोष्ट ओयोची वसुली, मक्केची गोष्ट इस्लामी जगातली प्रतिष्ठा आणि एकालादेरहानची गोष्ट बेनिनचं स्वातंत्र्य. आता गोष्टी बाजूला ठेवून जमिनीकडे बघू.

१९१० मध्ये जर्मन संशोधक लिओ फ्रोबेनियस इफेला गेला. तिथली भाजक्या मातीची शिरं आणि एक पितळेचं शिर बघून त्याने ठरवलं की हे काम आफ्रिकन असणं शक्य नाही, हे ग्रीकांनी वसवलेल्या बुडालेल्या अटलांटिसचे अवशेष. १९३८ मध्ये राजवाड्याजवळच्या वुनमोनिजे वाड्यात घराचा पाया खणताना एकाच ठिकाणी डझनाहून अधिक धातूची शिरं निघाली, जवळपास माणसाच्या डोक्याएवढी. शांत चेहरे, काहींवर कपाळापासून हनुवटीपर्यंत बारीक उभ्या रेघा, ओठांभोवती आणि केसांच्या रेषेवर छिद्रं. त्या छिद्रांत मण्यांची झालर अडकवत असावेत, असं एक मत आहे. पुढच्या उत्खननांनी अटलांटिसला मूठमाती दिली. ही कला इफेचीच आहे आणि तिचा भर साधारण बाराव्या ते पंधराव्या शतकांतला.

मला त्याहून मोलाचं वाटतं ते इग्बो ओलोकुन इथलं काम. इफेतली ही एक देवराई. तिथे अबिदेमी बाबालोला या नायजेरियन पुरातत्त्वज्ञाने खणलं आणि २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बारा हजारांहून अधिक काचेचे मणी, शेकडो मुशींचे, म्हणजे काच वितळवायच्या भांड्यांचे, तुकडे, त्यांच्या आतल्या बाजूला चिकटून राहिलेला निळ्या-हिरव्या काचेचा थर. काचेची रासायनिक घडण तपासली तेव्हा ती युरोप किंवा अरबस्तानातून आणलेली नव्हती. स्थानिक कच्च्या मालापासून इफेतच काच बनत होती, अकराव्या ते पंधराव्या शतकांच्या दरम्यान. त्याच घडणीचे मणी थेट मालीतल्या गाओपर्यंत सापडलेत.

आता मुकुटाशी जोडून बघा. ज्या नगरात मणी बनतात, त्याच नगराच्या हाती मण्यांचा मुकुट देण्याचा अधिकार आहे. 'ओडुडुवाने मुलांना मुकुट देऊन धाडलं' या वाक्यामागे एवढं तरी नक्की आहे की त्या काळी राजचिन्हाचा माल इफेत तयार होत होता आणि बाकीच्या राजांना तो तिथूनच मिळवावा लागत होता. सोळा मुलं खरी असोत वा नसोत, सोळा गिऱ्हाइकं असणार.

आणि ओडुडुवा स्वतः? इथे ओबाटालाकडे परत येतो. इफेच्या परंपरेत ओडुडुवाच्या आधी तिथे तेरा वस्त्या होत्या, त्यांचा सैलसर संघ होता आणि ओबाटाला हा त्यांच्यातल्या प्रमुखांपैकी एक. ओडुडुवाच्या पक्षाने त्यांना हटवलं, ओबाटालाला इफे सोडावी लागली, नंतर समेट होऊन तो परत आला. त्याच्या हद्दपारीचा आणि पुनरागमनाचा उत्सव इफेत आजही होतो. एडे या गावात तर ओबाटालाच्या पुजाऱ्याला लुटुपुटूच्या लढाईत पकडतात आणि राजा खंडणी भरून त्याला सोडवतो. दुसरीकडे मोरेमी या वीरांगनेची कथा. गवताचे झगे घालून इफेवर धाडी घालणाऱ्या लोकांचं गुपित तिने शोधून काढलं आणि नवस फेडायला मुलाचा बळी दिला. ते धाडी घालणारे कोण? तर विस्थापित झालेले मूळ रहिवासी. किनाऱ्याकडचा उग्बोचा राजा आजही सांगतो की आम्हीच इफेचे मूळचे, मोरेमी ही आमच्या दृष्टीने हेर. २०१६ मध्ये इफेत मोरेमीचा भव्य पुतळा उभा राहिला, त्यावरूनही ठिणगी उडाली.

जिंकणाऱ्याच्या नगरात हरलेल्याची पूजा शतकानुशतकं चालते, त्याचा मान राखला जातो आणि जिंकणाऱ्याच्या स्तुतिकथेतच त्याने दुसऱ्याचं सामान उचलल्याचा उल्लेख राहतो. हे सहज कुणी रचत नाही. सोयीच्या तपशिलावर मी कमी भरवसा ठेवतो, गैरसोयीच्या तपशिलावर जास्त. म्हणून माझं मत असं आहे की इफेत केव्हातरी, नगर भरभराटीला येण्याच्या आधी किंवा सुरुवातीला, सत्तापालट झाला. आधीच्या वस्त्यांच्या संघावर एका नव्या गटाने राजसत्ता बसवली आणि त्या सत्तापालटाला ओडुडुवा हे नाव मिळालं. ते एका माणसाचं नाव असेल, घराण्याचं असेल, देवतेचं असेल. अडो भागात तर एकोणिसाव्या शतकात ओडुडुवा ही देवी म्हणून, ओबाटालाची पत्नी म्हणून पुजली जात होती. लेखात 'राजा ओडुडुवा' असं बिनधास्त लिहिण्यापूर्वी हे लक्षात असू द्या.

विसाव्या शतकाचा एक परिच्छेद घालाच, नाहीतर लेख अर्धा राहील. 'योरुबा' हे नाव आधी मुख्यतः ओयोच्या लोकांपुरतं वापरलं जायचं. एकोणिसाव्या शतकात मिशनरी आणि सिएरा लिओनहून परतलेले शिकलेले योरुबा यांनी ते सगळ्यांना लावलं. तेच शतक या नगरांमधल्या भीषण युद्धांचं होतं. एकमेकांना गुलाम म्हणून विकलेल्या लोकांना एका झेंड्याखाली आणायचं तर समान पूर्वज हवा. १९४५ मध्ये लंडनला कायदा शिकत असताना ओबाफेमी अवोलोवो यांनी 'एग्बे ओमो ओडुडुवा', म्हणजे ओडुडुवाच्या लेकरांची संघटना, स्थापन केली. १९४८ मध्ये तिची नायजेरियात औपचारिक स्थापना झाली ती इले-इफेतच, आणि तिच्यातूनच पुढे १९५१ मध्ये ॲक्शन ग्रुप हा पक्ष उभा राहिला. राजघराण्यांचा पूर्वज असा सगळ्या जनतेचा पूर्वज झाला. अलीकडे स्वतंत्र 'ओडुडुवा प्रजासत्ताका'ची मागणी करणारेही आहेत, आणि त्या विषयावर ऑफिसात मत देऊ नका.

एडो सहकाऱ्याची आवृत्ती लेखात त्याच्याच शब्दांत छापा, खाली बेनिनची म्हणून नोंद करा आणि छापण्याआधी त्याला दाखवा. 'बेनिनवाले म्हणतात' असं तोडून टाकलंत तर तो बरोबर दुखावेल.

राहिलं चित्र. ओडुडुवाचं समकालीन चित्र किंवा मूर्ती नाही. इंटरनेटवर त्याच्या नावाने फिरणारा फोटो बहुतेक वेळा वुनमोनिजेच्या शिरांपैकी एखाद्याचा किंवा आजच्या चित्रकाराच्या कल्पनेचा असतो. शिराचा फोटो वापरलात तर खाली 'इफेचे धातूचे शिर, १९३८ मध्ये सापडलेले' एवढंच लिहा. नाहीतर सरळ इफेला जा आणि ओरानमियानच्या दंडाचा फोटो स्वतः काढा. सुमारे साडेपाच मीटर उंचीचा ग्रॅनाइटचा उभा खांब, त्यात ओळीने ठोकलेले लोखंडी खिळे. सकाळचं ऊन तिरपं असताना काढा, म्हणजे खिळ्यांच्या सावल्या उठून दिसतील.